घाटात गरम झाली की बंद पडणारी पद्मिनी : आधी काय तपासायचं आणि पेटीत काय न्यायचं

लक्षण असं. गाडी सपाटीला दोन-अडीच तास सुरळीत चालते. घाट लागतो, दुसरा गिअर पडतो, आठ-दहा वळणं होतात आणि मग ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेनाशी होते. दोन-चार झटके, मिसिंग, बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण धरत नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की पहिल्याच सेल्फला सुरू. पुढच्या घाटात पुन्हा तेच.

माझ्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीने हे तीनदा केलं. पहिल्यांदा एप्रिलमध्ये, गुहागरहून परतताना कुंभार्ली घाटात, पोफळीच्या वर. दुसऱ्यांदा साखरप्याकडून आंबा घाट चढताना. तिसऱ्यांदा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत, म्हणजे घरापासून दोन तासांच्याही आत. तिन्ही वेळा डिकीत सामानाची अजिबात कमतरता नव्हती. प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या दोन कॉइल, तीन कंडेन्सर, पॉइंटचे चार सेट, टाकीतून पेट्रोल ओढणारा नवाकोरा एसी पंप, रोटर, कॅप, प्लग, फॅन बेल्ट, होज पाइप, ब्रेकचे रबर किट, शिवाय पान्यांचा मोठा लोखंडी डबा. घरच्या वजनकाट्यावर सगळं बावीस किलो भरलं होतं. आणि तरीही तिन्ही वेळा मी चुकीच्याच जागी हात घातला.

हे कसं झालं ते नीट सांगतो, कारण जुनी गाडी घेऊन लांब जाणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं.

कुंभार्लीत गाडी बंद पडली तेव्हा मागून आलेल्या ट्रकवाल्याने थांबून सांगितलं, "साहेब, पंपावर ओलं फडकं टाका, पेट्रोल तापलंय." भला माणूस होता, स्वतःच्या कॅनमधलं पाणी दिलं. फडकं टाकलं, चाळीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. मी ठरवून टाकलं की व्हेपर लॉक आहे, म्हणजे पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होऊन ते पुढे जात नाही. घरी आल्यावर पंपाखाली जाड पॅकिंग घालून घेतलं. आंबा घाटात पुन्हा बंद पडली तेव्हा कंडेन्सर बदलला. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी प्रत्येक प्लगला वाटणारा डबा, पॉइंट आणि कंडेन्सर यातच असतात) उघडून, स्क्रू सांभाळत ते काम करायला अर्धा तास गेला, आणि गाडी सुरू झाली. मग दोष कंडेन्सरचा ठरला. खंबाटकीत कॉइल बदलली. पुन्हा अर्धा तास, पुन्हा गाडी सुरू, आणि आता दोष कॉइलचा.

तिन्ही वेळा गाडी सुरू झाली ती थांबल्यामुळे. पेट्रोल निवलं की व्हेपर लॉक सुटतो. कॉइल निवली की तिच्या आतली तुटकी तार पुन्हा जुळते. कंडेन्सर निवला की पुन्हा काम करतो. वायरच्या टोकाचा सैल झालेला धातूचा लग निवला की पुन्हा टेकतो. उष्णतेने येणारे जवळपास सगळे दोष अर्ध्या तासात आपोआप बरे होतात, आणि त्या अर्ध्या तासात आपण जे काही केलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. म्हणून गाडी बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं तपासणीची. इंजिन गरम आहे तोवरच दोष हाती लागतो. सामानाची पेटीही याच हिशेबाने भरायला हवी: आधी दोष ओळखण्याची साधनं, मग पाने, आणि सुटे भाग सगळ्यात शेवटी.

पहिली पाच मिनिटं

गाडी वळणावर उभी करू नका. उतारावर असाल तर हँडब्रेकच्या जोडीला चाकामागे दगड हवाच. इशाऱ्याचा त्रिकोण मागच्या वळणाच्याही मागे ठेवा, म्हणजे वर येणाऱ्याला वळण्याआधी दिसेल. रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॉनेट उघडा आणि टेस्ट दिवा काढा.

टेस्ट दिवा म्हणजे स्क्रू ड्रायव्हरसारखी टोकदार मूठ, आत बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि वायरच्या टोकाला चिमटा. इलेक्ट्रिकल सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण उन्हात त्याच्या पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत आणि घाटात एकट्याने दोन प्रोब धरणं जड जातं. दिवा एका हाताने चालतो.

चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. टोक आधी बॅटरीच्या पॉझिटिव्हला टेकवा आणि दिवा किती उजळ लागतो ते लक्षात ठेवा. ही पायरी गाळू नका, पुढचं सगळं या उजेडाशी ताडून पाहायचं आहे. दिवसा दिसत नसेल तर तळहाताने आडोसा करा. आता किल्ली ऑन करून टोक कॉइलच्या त्या टर्मिनलवर टेकवा जिथे स्विचकडून वायर येते. लुकसच्या जुन्या कॉइलवर तिथे एसडब्ल्यू लिहिलेलं असतं. दिवा बॅटरीइतकाच उजळ लागला तर कॉइलपर्यंत करंट व्यवस्थित येतोय. मिणमिणता लागला किंवा लागलाच नाही, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर कशालाही हात लावायचं कारण नाही. दोष त्याच्या मागे आहे: स्विच, वायर किंवा लग.

उजळ लागला तर टोक दुसऱ्या टर्मिनलवर न्या. तिथे सीबी लिहिलेलं असतं आणि तिथून वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकला पाहिजे, म्हणजे पॉइंट उघडझाप करतायत. सतत लागून राहिला तर पॉइंट टेकत नाहीत किंवा काजळलेत, नाहीतर डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी लवचीक वायर तुटलीय. ही वायर वरच्या रबरात अखंड दिसते आणि आतून तुटलेली असते, तेव्हा हलकेच ओढून बघायची. दिवा लागलाच नाही तर करंट कुठेतरी बॉडीला जातोय, बहुतेकदा शॉर्ट झालेला कंडेन्सर, किंवा कॉइलच आतून तुटलेली. सीबीवरची वायर काढून पुन्हा टेकवा. दिवा लागला तर दोष डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला, नाही लागला तर कॉइलमध्ये.

इथवर दोन मिनिटं जातात. त्यानंतर ठिणगी. जुना पण चांगला प्लग वेगळा बाळगा. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढून त्या प्लगला लावा, प्लगची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकवून ठेवा आणि सेल्फ मारा. निळी, जाड, चटचट आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइल आणि कंडेन्सर ठीक आहेत, रोटर आणि कॅप बघा. पिवळट, बारीक ठिणगी आली तर कंडेन्सर किंवा कॉइल. हे करताना पेट्रोलचा वास येत असेल किंवा कुठे पेट्रोल सांडलं असेल तर थांबा. आधी ते पुसा, वाऱ्याने उडू द्या. ठिणगीची तपासणी आणि पेट्रोलची तपासणी एकाच वेळी कधीही करू नये.

शेवटी पेट्रोल. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि ॲक्सिलरेटरची लिंक हाताने एकदा पूर्ण खेचा. पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. नाही उडाली तर कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सोडून प्लास्टिकच्या बाटलीत घाला, कॉइलच्या एसडब्ल्यूवरची वायर काढून ठेवा आणि सेल्फ मारा. पंप ठोके देत पेट्रोल फेकतोय की नुसते बुडबुडे येतायत, ते लगेच कळतं.

माझ्या गाडीत काय निघालं

चौथ्यांदा गाडी बंद पडली ती पुन्हा कुंभार्लीत, जवळपास त्याच ठिकाणी. सोबत बाबा होते. ही गाडी त्यांनी नवी घेतली, त्यांच्या हातची. या वेळी मी पेटी उघडलीच नाही. दिवा बॅटरीला लावला: लख्ख. कॉइलला लावला: लालसर, मिणमिणता. बल्बमधली तार नुसती तापलेल्या खिळ्यासारखी दिसत होती.

मी पुन्हा पुन्हा टेकवून बघत होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "हा पंखा असा दमल्यासारखा का फिरतोय रे?"

रेडिएटरच्या पुढे इलेक्ट्रिक पंखा आहे. घाटात इंजिन तापू नये म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी बसवून घेतला होता. डॅशबोर्डखाली त्याचं वेगळं बटण आहे आणि घाट लागला की मी ते चालू करतो. पंख्याचा आवाज खरंच खाली गेला होता. मी बटण बंद केलं. हातातला दिवा तिथल्या तिथे उजळला.

बाबांनी सेल्फ मारला, गाडी सुरू झाली. बंद पडून सहा-सात मिनिटंच झाली होती आणि इंजिन अजून चांगलंच गरम होतं.

झालं होतं ते असं. पंखा बसवणाऱ्याने त्याची वायर इग्निशन स्विचच्या त्याच टर्मिनलवरून घेतली होती जिथून कॉइलला करंट जातो. कॉइल चार अँपिअरच्या आसपास खाते. असा पंखा आठ-दहा अँपिअर खेचतो. इग्निशनचा जुना स्विच एवढ्या भाराचा नाही. पंखा दहा-पंधरा मिनिटं चालला की स्विचच्या आतले काँटॅक्ट आणि मागचा पितळी लग तापायचे, तिथेच व्होल्ट पडायचे, आणि कॉइलला ठिणगी उडवण्याइतका करंट मिळायचा नाही. पंखा चालायचा फक्त घाटात, म्हणून गाडी बंद पडायची फक्त घाटात. गाडी थंड राहावी म्हणून बसवलेल्या पंख्यानेच ती बंद पडत होती, आणि बावीस किलोच्या पेटीत या दोषावर एकही भाग नव्हता. लागणारही नव्हता.

वर घाटमाथ्यापर्यंत जायला पंखा तर हवाच होता. माझ्याकडे लाल रंगाची दोन मीटर वायर होती, दोन्ही टोकांना चिमटे, मध्ये फ्यूज. तिने बॅटरीवरून पंख्याला थेट करंट दिला, बटण बंदच ठेवलं आणि हेळवाक, पाटण, उंब्रज करत पुण्याला आलो. थांबलो की चिमटा काढायचा एवढंच लक्षात ठेवावं लागलं.

घरी डॅशबोर्डखाली डोकं घातलं तेव्हा स्विचमागचा लग काळानिळा पडलेला दिसला आणि त्याच्यालगतचं वायरचं प्लास्टिक तपकिरी होऊन बोटाने मोडत होतं. स्विच बदलला आणि पंख्याला रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच, लावला. चार पायांचा, बारा व्होल्ट, तीस अँपिअरचा साधा रिले. ३० नंबरच्या पायाला बॅटरीकडून पंधरा अँपिअरच्या फ्यूजमधून वायर, ८७ वरून पंख्याला, ८६ ला डॅशबोर्डच्या बटणाकडून, ८५ बॉडीला. आता स्विचवर रिलेपुरता किरकोळ भार येतो. त्यानंतरचे दोन उन्हाळे गाडी त्याच घाटातून गेली-आली, एकदाही बंद पडली नाही.

तुमच्या गाडीला नंतर बसवलेलं काहीही असेल, म्हणजे पंखा, म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, तर त्याची वायर कुठून घेतलीय ते प्रवासाआधी शोधून काढा. जुन्या गाडीचं मूळ वायरिंग सहसा त्रास देत नाही. नंतर मारलेले जोड देतात.

पेट्रोलची बाजू

माझ्या गाडीत दोष करंटचा निघाला, म्हणून पेट्रोलकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पद्मिनीचा पंप इंजिनच्या अंगाला चिकटलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढत असतो. ओढताना पाइपमधला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. म्हणून ओल्या फडक्याचा उपाय खरा आहे, फक्त त्याला पुरावा मानू नका. बाटलीत बुडबुडे दिसले तरच व्हेपर लॉक म्हणा.

आता पंपावर सर्रास वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. पाइप आतून फुगतो किंवा पापुद्रे सुटतात, बाहेरून मात्र धडधाकट दिसतो. टाकीत वर्षानुवर्षं साठलेला चिकट थरही सुटून फिल्टरमध्ये येतो. त्यामुळे लांबच्या प्रवासाआधी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, आणि नवे घेताना त्यावर एसएई जे३० आर९ असा छाप असलेले घ्या. साधा काळा पाइप स्वस्त पडतो, पण तो घेऊ नका. टाकी ते पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवा आणि तसेच दोन सोबत ठेवा. फिल्टर भरत आला की डोळ्यांना दिसतो.

आणखी एक जागा सहज सुटते: टाकीचं झाकण. त्यातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि तासाभराने पेट्रोल येणं थांबतं. गाडी बंद पडली की झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा फुस्स असा आवाज आला तर दोष सापडला. झाकण सैल ठेवून घर गाठता येतं.

एसी पंपाच्या डायफ्रॅमचं किट जवळ असावं, अख्खा पंप नसला तरी चालेल. पण ते किट आधी घरी एकदा तरी आपल्या हाताने बसवून बघितलेलं असावं. टाकीला किंवा पाइपच्या जोडाला बारीक पाझर लागला तर कपडे धुण्याचा साबण ओलसर करून त्यावर घट्ट घासायचा, वर फडकं बांधायचं. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. ड्रायव्हर मंडळी हे पूर्वीपासून करत आलीत आणि त्यावर जवळच्या गावापर्यंत खात्रीने पोहोचता येतं.

सुटे भाग: नवा गाडीत, जुना पेटीत

सुट्या भागांबद्दल मी एकच नियम पाळतो. नवा भाग आणला की तो आधी गाडीत बसवायचा, महिनाभर चालवायचा, आणि काढलेला चालू जुना भाग पेटीत ठेवायचा. पाकीटबंद नवा कंडेन्सर हा भरवशाचा भाग नव्हे. आज बाजारात मिळणारे कंडेन्सर आणि रोटर पहिल्या दिवशीच दगा देऊ शकतात, आणि ते कळण्याची जागा घाट असू नये. शिवाय बसवताना मापातला फरक कळतो. माझ्याकडच्या चार पॉइंट सेटपैकी एकाचं भोक स्क्रूशी जुळतच नव्हतं. तो सेट दोन वर्षं पेटीतून फिरत होता.

कंडेन्सरबद्दल एक गोष्ट माहीत असायलाच हवी. पॉइंटवाल्या कुठल्याही बारा व्होल्टच्या गाडीचा कंडेन्सर अडीअडचणीला चालतो. तो डिस्ट्रिब्युटरच्या आत बसवायचीही गरज नाही. जुन्याची वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळायचा, मग नव्याची वायर कॉइलच्या सीबी टर्मिनलला लावायची आणि त्याचं धातूचं अंग स्क्रूने किंवा तारेने बॉडीला घट्ट बांधायचं. पाच मिनिटांचं काम. स्क्रू डिस्ट्रिब्युटरमध्ये पडण्याचा धोका नाही. मी आता पेटीतल्या कंडेन्सरच्या वायरला आधीच लग लावून ठेवलाय.

बाकी घ्यायचं ते असं. पॉइंटचा एक सेट, रोटर, कॅप, कॉइल, एक प्लग. फॅन बेल्ट, पण हाही गाडीवर एकदा बसवून बघितलेला. रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज, चार क्लॅम्प, आपोआप चिकटणारा सिलिकॉन टेप, एम-सील. थर्मोस्टॅटचं पॅकिंग. वेगवेगळ्या अँपिअरचे फ्यूज. हेडलाइटचा एक बल्ब. ब्रेक ऑइलची बाटली, इंजिनात जे चालू आहे तेच एक लिटर ऑइल, पाच लिटर पाणी. पाणी पिण्याचं वेगळं, रेडिएटरचं वेगळं.

टायरची ट्यूब मात्र विसरू नका. पद्मिनीचं मूळ माप ५.२०-१४. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यांकडे आता बहुतेक काम ट्यूबलेसचं असतं आणि या मापाची ट्यूब तालुक्याच्या गावातही मिळेलच असं नाही. ट्यूब पावडर लावून कापडी पिशवीत ठेवा, पान्यांच्या शेजारी उघडी नको, घासून भोक पडतं.

वॉटर पंप, क्लच प्लेट, हेड गॅसकेट, डायनॅमो किंवा अल्टरनेटर हे मी नेत नाही. रस्त्याच्या कडेला ती कामं करू नयेत. त्यापेक्षा टोइंगचा दोर आणि टो करणाऱ्याचा नंबर बरा. काही जणांना हे पटणार नाही, ते वॉटर पंप नेतातच. पण वॉटर पंप जाण्याआधी आवाज करतो, पाझरतो, आठवडाभर आधी इशारा देतो. तो घरीच ऐका.

या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० या नावाने निघायच्या, तेव्हा प्रत्येक गावात त्यांचा मेकॅनिक होता. टॅक्सीवाल्यांमुळे सुटे भाग तयार होत राहिले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली आणि तो मोठा गिऱ्हाईक संपला. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसचा भाग इथे अजून शोधलं की मिळतं, पण प्रवासाच्या आदल्या आठवड्यात शोधायला निघालात तर हाती लागेलच असं नाही. वर्षभर जमेल तसं गोळा करत राहायला हवं.

पाने आणि त्यांची जागा

लोखंडी डबा मी काढून टाकला. खडखडतो, जड असतो आणि हवा तो पाना नेहमी तळाशी असतो. त्याऐवजी जाड कॅनव्हासची गुंडाळी शिवून घेतली, प्रत्येक पान्याला स्वतंत्र कप्पा. अंधारात उघडली तरी कुठला कप्पा रिकामा आहे ते हाताला लागतं, म्हणजे पाना गवतात राहून जात नाही.

पद्मिनीला मिलिमीटरचे पाने लागतात. ८, १०, १३, १७ आणि १९ हे सगळ्यात जास्त हातात येतात. जुनी अँबेसिडर असेल तर मूळ इंजिनाचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे, तिथे मिलिमीटरचा पाना वापरला की कोपरे घासून गोल होतात. कुणाच्याही यादीवरून पाने भरू नका. घरी पुढची सर्व्हिसिंग फक्त गुंडाळीतल्या पान्यांनीच करा. बाहेरून जो पाना आणावा लागला तो गुंडाळीत घाला. वर्षभरात ज्याला हात लागला नाही तो काढा. माझी गुंडाळी अशी साडेतीन किलोवर आली.

त्यात प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या स्क्रूसाठी एक अगदी आखूड स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज आणि झिरो नंबरचा पॉलिश पेपर आहे. गेज नसेल तर पॉइंटची फट अंदाजाने लावली जाते आणि गाडी चालते, पण ओढत नाही. ०.४ मिलिमीटरच्या आसपासची फट डोळ्याने जोखता येत नाही. पॉइंट साफ करायला काडेपेटीची बाजू घासायची पद्धत चालते, नंतर कोरा कागद पॉइंटमध्ये घालून ओढायचा, नाहीतर भुकटी आत राहते. डोक्याला लावायचा टॉर्च हवा. मोबाइलचा नको, तो धरायला एक हात अडकतो. चादरीचा जुना तुकडाही हवा: गाडीखाली झोपायला, आणि डिस्ट्रिब्युटर उघडण्याआधी खाली पसरायला. पडलेला स्क्रू कापडावर सापडतो.

कुठे काय ठेवायचं याला फार महत्त्व आहे. टेस्ट दिवा, लाल वायर, जुना प्लग आणि हातमोजे हे ग्लव्ह बॉक्समध्ये, म्हणजे डिकीतल्या बॅगा न उतरवता हाताशी. अग्निशामक ड्रायव्हरच्या सीटखाली, पट्ट्याने बांधलेला. तो डिकीत ठेवला तर नसल्यासारखाच. जॅक आणि व्हील पाना सगळ्या सामानाच्या वर. जॅक प्रवासाआधी घरासमोर लावून चाक पूर्ण उचलून बघा, आणि चाकाचे बोल्ट एकदा हाताने सोडून पुन्हा आवळा. एअर गनने आवळलेले बोल्ट गाडीतल्या छोट्या पान्याने सुटत नाहीत. तसं असेल तर लांब दांड्याचा पाना सोबत घ्या.

लाल वायरचा दुसरा उपयोगही सांगून ठेवतो. टेस्ट दिवा कॉइलवर मिणमिणता किंवा बंद असेल आणि स्विचचा दोष वाटेत सुटण्यासारखा नसेल, तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून कॉइलच्या एसडब्ल्यू टर्मिनलला ही वायर लावून गाडी सुरू होते. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, मध्ये पंधरा अँपिअरचा फ्यूज. ती सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून आणि फॅनच्या पात्यांपासून लांब बांधायची. अशा वेळी किल्ली बंद करून इंजिन थांबत नाही, चिमटा काढावा लागतो. आणि इंजिन थांबलेलं असताना चिमटा लावून ठेवायचा नाही, कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे निघण्याआधी सांगा.

कागदपत्रांत आरसीचं नूतनीकरण, ग्रीन टॅक्सची पावती, विमा आणि पीयूसी बघून ठेवा. पंधरा वर्षांवरच्या गाडीला वाटेत थांबवलं की पहिल्यांदा हेच विचारतात.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी, गाडी चांगली तापलेली असताना, घराजवळच्या चढावर पंखा, हेडलाइट, वायपर सगळं एकदम चालू करून, इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटं उभी करा. मग टेस्ट दिवा बॅटरीला लावा, कॉइलला लावा, आणि दोन्ही उजेड ताडून पाहा. डॅशबोर्डखाली हात घालून स्विचच्या मागची वायर चाचपा. कोमट असेल तर ठीक. बोट टेकववत नसेल तर प्रवास एक दिवस पुढे ढकला आणि आधी रिले बसवा.